खुंटीची कावीळ

वऱ्हाडात अज्ञान सापडत नाही. असेलही कुठे कोठीघरात, पण ते कुणी अंगणात वाळत घालत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात चहाच्या टपरीवर उभं राहावं आणि नुसतं म्हणावं, "दोन दिवसांपासून कंबर धरली बुवा." कपातली साखर विरघळायच्या आत तीन निदानं आणि पाच उपाय हाती पडतात. निदान करणाऱ्यांपैकी एक विमा एजंट असतो, दुसऱ्याचं कृषी सेवा केंद्र असतं आणि तिसरा तिथे कशाला उभा आहे हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. पण तुमची कंबर कशानं धरली, हे मात्र तिघांनाही ठाऊक असतं. एकाच्या मते वात आहे, दुसऱ्याच्या मते उष्णता आणि तिसरा म्हणतो, "गाडीचे शॉकअप पाहून घे." "मले माहीत नाही" हे वाक्य वऱ्हाडी व्याकरणात बसतं, बोलण्यात बसत नाही.

या ज्ञानाचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की आमच्या शेजारचे काकाजी घराबाहेर पडताना तीन गोष्टी चाचपून पाहतात: किल्ली, मोबाइल आणि पॅन्टच्या खिशातला कांदा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकतो, तेव्हा कांदे दोन होतात.

"कांदा उष्णता ओढून घेते," काकाजी समजावतात.

"कशी काय?"

"सायंकाळी पाय ना त्याले. पार सुकून जाते बिचारा."

त्या उन्हात खिशातला रुमाल, बसचं तिकीट आणि खुद्द काकाजीही सुकून येतात; पण श्रेय कांद्याला. मी नेटानं विचारलं, "मागच्या वर्षी तुमच्या साडभावाला ऊन लागलं, त्यांच्या खिशात कांदा नव्हता का?"

"होता ना. पण लहान होता."

"साडभाऊ?"

"कांदा!"

इथे संवाद संपतो, कारण या उत्तरापुढे जगातलं कुठलंही विज्ञान हात टेकेल. मोठा कांदा असता तर ऊन लागलं नसतं. मोठा असूनही लागलं असतं, तर तो पांढरा हवा होता. पांढरा असता, तर डाव्या खिशात हवा होता.

ऊन लागण्यापासून खरं वाचवतो तो घाम. एक लिटर घाम अंगावरून उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. मुंबईचा पाहुणा अकोल्यात उतरला की कौतुकानं म्हणतो, "तुमच्याकडे घाम येत नाही हो, हे बरं आहे." घाम त्यालाही येत असतो, मुंबईपेक्षा जास्तच येत असतो, हवा इतकी कोरडी असते की तो दिसायच्या आत उडून जातो. पुरावा हवा असेल, तर संध्याकाळी त्याच्या निळ्या शर्टाची पाठ पाहावी. तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. घाम दिसला नाही म्हणून पाहुणा पाणी पीत नाही आणि तिसऱ्या दिवशी "उन्हाळी लागली" म्हणत ओशाळ्या चेहऱ्यानं धन्याची चौकशी करतो.

दुपट्ट्याचंही तसंच. अमरावतीत भर दुपारी स्कुटीवरून जाणारी मुलगी फक्त डोळे उघडे ठेवून बाकी सगळं गुंडाळून घेते, तेव्हा बाहेरच्याला वाटतं, इतक्या गरमीत एवढे कपडे? पण आपल्या कातडीचं तापमान असतं 34-35 अंश आणि समोरून येणारा वारा असतो 44 चा. असा वारा गार करत नाही, भाजतो. दुपट्टा तो वारा अडवतो. अर्थात हाच दुपट्टा जुलैत काही कामाचा नाही, हे त्या मुलीलाही ठाऊक असतं. म्हणून ती जुलैत तो गुंडाळत नाही. काकाजींचा कांदा मात्र दिवाळीपर्यंत खिशात निघतो.

आता कूलर. वऱ्हाडात कूलर हा घरातला सदस्य असतो. शिधापत्रिकेवर नाव तेवढं नसतं. काकाजींनी यंदा नवा घेतला, पत्र्याचा, तिन्ही बाजूंनी ताट्या लावलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. "पाय बरं, नवा हाय तरी गारच नाही करून रायला. दुकानदारानं फसवलं." मी आत गेलो. कूलर खोलीच्या मधोमध. सगळ्या खिडक्या बंद, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं, वरचा झरोका पुठ्ठ्यानं बुजवलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं दमट होऊन लोंबत होती. पापडाचा डबा उघडा राहिला होता, त्यातले पापड मान टाकून पडले होते. काकीजी पदरानं गळा पुसत म्हणाल्या, "गोठ्यात बसल्यासारखं वाटून रायलं."

"दारं कशाला लावली?"

"थंडाई बाहेर जाते ना!"

कूलर थंडाई तयार करतच नाही. तो पाणी उडवतो, आणि उडताना पाणी हवेतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर 44 अंश आणि हवेत जेमतेम 15 टक्के आर्द्रता असली, तर चांगला कूलर हवा 27-28 अंशांपर्यंत उतरवू शकतो. अट एकच: त्याला सतत बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर निघून गेली पाहिजे. दारं लावली की तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होते आणि काकीजींचा गोठा तयार होतो. आम्ही कूलर खिडकीत बसवला, समोरचं दार उघडलं, आणि पाऊण तासात काकाजी घोरायला लागले. जागे झाल्यावर म्हणाले, "पाहिलं? मशीन तापाले टाइम लागते."

हाच कूलर जुलैत लावून पाहा. बाहेर 30 अंश, आर्द्रता 80 टक्के. हवा आधीच पाणी पिऊन तर्र. कूलर फार तर दोन अंश उतरवतो आणि त्या बदल्यात अंथरूण ओलं करून देतो. मे महिन्यात देवासारखा वाटणारा कूलर जुलैत फडकं टाकून झाकून ठेवावा लागतो, आणि तो असा का रुसतो, हे त्याच्याच गुणातून सांगता येतं.

माठाचीही तीच रीत. माती सच्छिद्र, पाणी झिरपतं, उडतं, आतलं गार होतं. अकोल्याच्या माठातलं पाणी दाताला लागतं आणि तोच माठ मुंबईच्या मामेभावाकडे भेट म्हणून नेला, तर पेला ठेवायला बरा पडतो. नवा माठ जुन्यापेक्षा गार का, हेही यातूनच कळतं: पाण्यातले क्षार हळूहळू छिद्रांत बसतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या ज्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथे माठावर बाहेरून पांढरा थर चढलेला दिसतो. माठ तिथे लवकर म्हातारा होतो. बाईनं "औंदाचा माठ काही कामाचा नाही" म्हणून कुंभाराला बोल लावला, तर त्यात कुंभाराचा दोष थोडा आणि विहिरीचा जास्त.

आता हे कांदा, दुपट्टा, माठ सगळं एकाच आजीकडून आलं. तिनंच कैरीचं पन्हं शिकवलं, ज्यात पाणी, गूळ आणि मीठ असतं, म्हणजे घामानं जे नेलं तेच परत. त्यामुळे "आजीचं सगळं खरं" म्हणणारे कांदा घेऊन फिरतात आणि "आजीचं सगळं खोटं" म्हणणारे पन्हं सोडून रंगीत बाटल्या पितात. निवड कशी करायची? माझ्या मते कसोटी साधी आहे. खऱ्या स्पष्टीकरणाला आपली हद्द माहीत असते. कूलर कधी हरतो, माठ कुठे हरतो, दुपट्टा कोणत्या महिन्यात हरतो, हे त्याच्या कारणातच लिहिलेलं असतं. कांदा बारा महिने, छत्तीस जिल्हे, कुठेच हरत नाही. हरला तर लहान असतो.

ही कसोटी खिशात (कांद्याच्या जागी) ठेवून हिंडलं की फार मजा येते. उसण घ्या. पाठीत उसण भरली की वऱ्हाडात डॉक्टरच्या आधी पायाळू शोधतात. जन्माला येताना ज्याचे पाय आधी आले, तो पायाळू. त्यानं पाठीवर हलकी लाथ मारली की उसण जाते. आमच्या भागातला पायाळू हा सात्त्विक माणूस. कुणाला उलट बोलणार नाही, पण सकाळी अंघोळ करून ओळीनं लाथा मारणार, पैसे घेणार नाही. गुण येतो का? येतो. पाठीची साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच जाते. आणि माणूस उपाय शोधायला निघतो केव्हा? दुखणं कळसाला पोचतं तेव्हा. कळसानंतर उतारच असतो. त्या उतारावर जो कुणी उभा असेल, त्याच्या गळ्यात हार पडतो. पायाळू असो, बाम असो, नाहीतर एमबीबीएस. ज्यांची गेली नाही त्यांचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार: "लाथ डाव्या पायाची पायजे होती." गेल्या दिवाळीत घराला रंग देताना खुद्द पायाळूचीच पाठ धरली. स्वतःच्या पाठीवर स्वतःची लाथ पोचेना. शेवटी तो मुकाट्यानं हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओळ लागली.

सगळ्यात देखणा प्रयोग काविळीच्या माळेचा. हिरव्या वनस्पतीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या वेढ्यांत अडकवून केलेली माळ माणसाच्या डोक्यावर ठेवतात. सुरुवातीला ती मुकुटाएवढी असते. दुसऱ्या दिवशी गळ्यात उतरते, चार दिवसांत छातीवर, आठवड्यात बेंबीपाशी. माळ उतरली तशी कावीळ उतरली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कुठे हातचलाखी नाही. घरातले रोज मोजतात: "आज चार बोटं उतरली." आता या माळेला जरा जवळून पाहावं. काड्या ओल्या असतात तेव्हा जाड असतात आणि दोऱ्याचे वेढे त्यांच्याभोवती फुगलेले असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की वेढे सैल पडतात, प्रत्येक वेढ्यातला थोडा थोडा दोरा मोकळा होतो आणि माळ लांब होते. खातरजमा करायची असेल तर तशीच दुसरी माळ भिंतीवरच्या खुंटीला अडकवावी. आठवड्यात तीही हातभर लांब होते. खुंटीचीही कावीळ उतरते. खुंटी तेवढी "मले फरक पडला" म्हणून गावभर सांगत नाही.

दूषित पाण्यातून येणारी साधी कावीळ, हेपॅटायटिस ए, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून माळ जिंकते. पण सगळ्या काविळी साध्या नसतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, हेपॅटायटिस बी असेल किंवा बाई गरोदर असून तिला हेपॅटायटिस ई झाला असेल, तर माळ बेंबीपर्यंत उतरते आणि माणूस हातचा जाऊ शकतो. माळेला हा फरक कळत नाही. तो रक्ताच्या तपासणीत कळतो.

मुतखड्याच्या बाबतीत वऱ्हाड श्रीमंत आहे. ऊन भरपूर, घाम भरपूर, पाणी पिणं कमी. लघवी दाट होते आणि क्षारांचे स्फटिक जमतात. त्यावरचा तरुण मंडळींत लोकप्रिय उपाय म्हणजे बीअर. घरात आजवर कुणी बाटलीला हात लावला नव्हता, अशा कुटुंबातही सोनोग्राफीचा कागद आला की पोट्टा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "औषध म्हणून घ्या लागते." पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेकदा आपणहून पडतात. तेव्हा पानफुटीचं पान खाल्लं असेल तर पान जिंकतं, बीअर प्यालेली असेल तर बीअर जिंकते. फरक इतकाच, की खडा पडल्यावर पान कुणी चालू ठेवत नाही.

आणि बाटल! तापानं अंग मोडलं, शेतात चक्कर आली, पोराचा निकाल लागला, काहीही झालं तरी "दोन बाटला चढवून द्या डॉक्टरसाहेब, ताकद येते." गोळी लिहून देणारा डॉक्टर कंजूष ठरतो, बाटल लावणारा देवमाणूस. त्या बाटलीत असतं काय? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. डेक्स्ट्रोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम पाच चमचे. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावरचा एक आलूबोंडा यापेक्षा जास्त ताकद देतो आणि सुईही टोचत नाही. पण आलूबोंडा खाऊन घरी गेलं तर भेटायला कुणी येत नाही, हा त्याचा मोठाच दोष.

गंमत अशी की खरी करामत याच मीठ-साखरेत आहे, फक्त तोंडावाटे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हगवण लागलेल्या आतड्यात नुसतं मीठ नीट शोषलं जात नाही. साखर सोबत असली की दोघं जोडीनं भिंतीपलीकडे जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायची सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. आणि या पाण्यालाही हद्द आहेच: माणूस बेशुद्ध असेल, उलटी थांबतच नसेल, तर ते पाजता येत नाही, तेव्हा शिरेतली बाटलीच जीव वाचवते. उन्हाच्या बाबतीतही तेच. अंग 40 अंशांच्या वर तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतोय, म्हणजे उष्माघात. त्यावर तापाची गोळी चालत नाही, कारण हा ताप शरीरानं स्वतःहून वाढवलेला नसतो. अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. खिसे तपासत बसायचं नाही.

कांद्याच्या चुकीची किंमत एक कांदा. पण प्रत्येक चुकीचं कारण इतकं स्वस्त पडत नाही. कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, हेही एक स्पष्टीकरणच होतं, आणि तेही कधी हरत नव्हतं. मागचा जन्म तपासायला कोण जाणार? नॉर्वेतल्या हॅन्सननं 1873 मध्ये त्याचा जंतू दाखवला, तरी पुढची कित्येक दशकं आपल्या गावांनी माणसं वेशीबाहेर काढली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं ते या बाहेर काढलेल्या माणसांसाठी. जंतू कळल्यावर औषध शोधता येतं. पाप कळल्यावर फक्त माणूस हाकलता येतो.

याच मातीत प्रश्न विचारण्याची मोठी परंपराही आहे. शेंडगावचे गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं कीर्तन म्हणजे सवाल-जबाब. ते लोकांनाच साध्या बोलीत विचारत आणि लोक उत्तर देता देता स्वतःच अडकत. नवसानं पोरं होतात, तर लग्न कशाला, या धाटणीनं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. तिथे प्रश्नपत्रिका बाहेरून येतात आणि उत्तरं गाइडमधून, तो भाग वेगळा.

परवा आमच्याकडे एक तरुण डॉक्टर नवा दवाखाना घालून बसला. काकाजींना आठ दिवस बारीक कणकण होती, थर्मामीटरमध्ये न येणारी. घरचं निदान "हाडीताप". मी त्यांना घेऊन गेलो. त्या मुलानं छाती ऐकली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, पुष्कळ विचारलं आणि शेवटी म्हणाला, "काकाजी, आत्ता मला नक्की सांगता येत नाही. ही रक्ताची तपासणी करून या. तीन दिवसांत ताप थर्मामीटरमध्ये दिसला, तर माझा पहिला अंदाज चुकला असं समजू आणि दुसरं शोधू."

मला तो मुलगा फार आवडला. कधी चुकेन, हे आधीच सांगणारा माणूस वऱ्हाडात मी पहिल्यांदा पाहत होतो. बाहेर पडल्यावर काकाजी बराच वेळ गप्प होते. मग पायरीवर थांबून म्हणाले, "त्याले मालूमच नाही म्हणते, अन् दोनशे रुपये घेतले. कशाचे?"

"खरं सांगितल्याचे."

काकाजींनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि पॅन्टच्या खिशातून एक कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. मोठा होता.